दाबायच्या बाटलीचं घराणं

टाळू दुभंगलेल्या बाळासाठीची हेबरमन बाटली ही नेहमीच्या दुधाच्या बाटलीची सुधारित आवृत्ती, असं सरसकट मानलं जातं. मला ते पटत नाही. ती बोंडल्याच्या, म्हणजे चोचीच्या पाजायच्या भांड्याच्या, कुळातली आहे.

बाटलीचा इतिहास सांगताना सुरुवात बव्हेरियातल्या चोचीच्या मातीच्या भांड्यांपासून करतात. मुलांच्या कबरींत सापडलेल्या या भांड्यांत जनावरांच्या दुधाचे अंश असल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण चोचीतून दूध सोडतो तो पाजणाऱ्याचा हात, म्हणजे ती भांडी आपलं बोंडलं, बंगालातलं झिनुक, तमिळनाडूतली पालाडै यांची भावंडं. फाटा फुटला तो रबरी निपलमुळे. एलिजा प्रॅटने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि दूध ओढण्याचं काम बाळाकडे गेलं.

टाळूला फट असलेल्या बाळाला हेच जमत नाही. तोंड आणि नाक आतून एक झालेलं, त्यामुळे निर्वात पोकळी तयारच होत नाही. बाळ चोखत राहतं, दमतं, पोटात मात्र हवाच जास्त जाते.

हेबरमन बाटलीचं मूळ म्हणून काही जण कोकरांच्या निपलचा दाखला देतात. ते लांब, मोठ्या भोकाचं निपल अशा बाळांना पूर्वी खरोखर लावत. पण त्यातून दूध आपल्या वजनाने वाहतं, धारेवर कुणाचा ताबा नसतो आणि बाळाला ठसका लागतो. म्हणून हे मूळ मला मान्य नाही.

इंग्लंडमधल्या मँडी हेबरमन यांची मुलगी १९८० मध्ये जन्मली, तिचा टाळू दुभंगलेला होता. तिच्यासाठी त्यांनी जी बाटली घडवली तिच्यात निपलच्या तळाशी एकमार्गी झडप आहे. निपलमध्ये आलेलं दूध मागे फिरत नाही. बाळाने हिरड्यांनी चावलं तरी पुरतं, नाहीतर आईने निपल हलके दाबायचं. निपलवर लहानमोठ्या तीन रेघा असतात. जी रेघ नाकाखाली येईल त्यावर धार ठरते. ओढायचं काम पुन्हा हाताकडे आलं. बोंडलंही हेच करत होतं.

माझ्या मताला अडचण आहे ती अशाच बाळांसाठीच्या जपानी पिजन बाटलीची. तिथेही झडप आहे, पण दाबायचं बाळानेच. निपलची पातळ बाजू जिभेवर, जाड बाजू वर. हिरड्यांत जोर असलेल्या बाळाला ती उत्तम, आणि ती बाटलीच्याच शाखेतली हे मी मानतो. पण जबड्यातच बळ नसेल तर ती उपयोगाची नाही. तिथे दाबायचीच बाटली घ्यावी, बाळाला उभं धरावं आणि बाळाच्या गिळण्याच्या लयीबरोबर दाबावं.