सीटचा उतरता दांडा : यंत्र आणि नाव

सायकलच्या सीटची योग्य उंची कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. चढावर पाय जवळजवळ पूर्ण लांबवता आला तरच पेडलवर पुरेसा जोर पडतो. म्हणून सीट उंच हवी. तीव्र उतारावर मात्र शरीराचा भार मागे व खाली नेता आला नाही, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याचा संभव असतो. तेथे हीच उंची घातक ठरते. सीटच्या दांड्याचा अलीकडील इतिहास म्हणजे या विरोधाच्या परिहाराचा इतिहास होय.

कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळ १९७६ साली ‘रीपॅक’ नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या. सुमारे दोन मैलांच्या त्या वाटेवर १,३०० फूट खाली यावे लागे. या शर्यतींतील एक स्वार जो ब्रीझ याने जॉश एंजेल याच्या साह्याने १९८४ च्या सुमारास ‘हाइट-राइट’ नावाची स्प्रिंग प्रचारात आणली. तिचे एक टोक दांड्याला, तर दुसरे चौकटीला जोडलेले असे. सीटखालचा खटका सैल करून भार टाकला की सीट खाली जाई. भार काढला की स्प्रिंग तिला वर आणी. थांबण्याची गरज संपली. परंतु खटक्यासाठी एक हात हँडलवरून काढावाच लागे, आणि तोही नेमका उताराच्या तोंडाशी.

ही उणीव एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी दूर होऊ लागली. ‘ग्रॅव्हिटी ड्रॉपर’ या दांड्यात स्प्रिंग व छिद्रात बसणारी खिट्टी होती, आणि तिची कळ हँडलवर आली. २०१० साली आलेल्या रॉकशॉक्सच्या ‘रिव्हर्ब’मध्ये हे काम तेल व दाबलेली हवा करू लागली. तेल दाबाने आकुंचन पावत नाही. त्यामुळे झडप बंद असता सीट हव्या त्या उंचीवर स्थिर राहते. झडप उघडून भार टाकला की तेल सरकते व हवा दाबली जाते. भार काढताच तीच हवा सीट वर ढकलते.

इंग्रजीत या दांड्यास ‘ड्रॉपर’, म्हणजे खाली सोडणारा, म्हणतात. वस्तुतः सीट खाली नेतो तो स्वार. यंत्र ती वर आणते. नाव यंत्राच्या क्रियेवरून नव्हे, तर स्वाराच्या गरजेवरून पडले. ही गरज केवळ डोंगरी वाटांची नव्हे, हेही पुढे दिसून आले. २०२२ च्या मिलान–सान रेमो या रस्त्यावरील शर्यतीत मातेय मोहोरिच याने असाच दांडा वापरला, आणि पोज्जो टेकडीच्या उतारावर आघाडी घेऊन तो विजयी झाला.