स्टन गन कोणाच्या हातात?

२०११ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दुकानातल्या एका चोरीची चौकशी चालू होती. त्या चौकशीत पोलिसांनी एका बाईची पर्स पाहिली. पर्स दाखवायला तिनेच होकार दिला होता. आत स्टन गन निघाली. मुठीत मावणारे यंत्र, पुढे दोन टोके. अंगाला टेकवले की विजेचा झटका बसतो. मुलांचा बाप आपल्याला मारहाण करायचा, म्हणून हे जवळ ठेवले, असे तिने सांगितले. त्याच्याविरुद्ध तिने कोर्टातून एकामागून एक मनाई हुकूम आणले होते. त्याने एकही जुमानला नाही. तिच्यावर काही काळ बेघर राहायची वेळ आली. शेवटी ओळखीतल्या कुणीतरी हे यंत्र हातात दिले. एका रात्री ती कामावरून सुटली तेव्हा तो समोर उभा होता. तिने यंत्र नुसते दाखवले आणि तो निघून गेला.

पोलिसांना तिचे म्हणणे पटले. तरी अटक झाली, कारण त्या राज्यात सामान्य माणसाने स्टन गन बाळगणे हाच गुन्हा होता.

हा कायदा १९८६चा. तो समजून घ्यायचा तर या वस्तूची कुळकथा पाहावी लागते. विजेचा झटका देणारी काठी मुळात गुरे हाकण्यासाठी होती. फेब्रुवारी १९६५मध्ये अलाबामातल्या सेल्मा शहरात शेरीफ जिम क्लार्कच्या माणसांनी तीच काठी काळ्या शाळकरी मुलांना टोचत त्यांना गावाबाहेर पळवत नेले. मुलांचा अपराध एवढाच, की आईबापांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून ती निदर्शनाला आली होती.

त्यानंतर जॅक कव्हर नावाच्या संशोधकाने टेझर बनवले. त्याचे पेटंट १९७४चे. हे लांबून तारा फेकणारे यंत्र. नाव त्याने १९११च्या एका बालकादंबरीतल्या नायकाच्या ‘इलेक्ट्रिक रायफल’वरून घेतले. तो नायक ती रायफल घेऊन आफ्रिकेत हत्तींच्या शिकारीला जातो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिल्या टेझरमध्ये बंदुकीची दारू वापरत, म्हणून १९७६मध्ये केंद्र सरकारने त्याला बंदूक ठरवले. नव्वदच्या दशकात दारूच्या जागी दाबलेला नायट्रोजन वायू आला आणि ते बंदुकीच्या व्याख्येतून बाहेर पडले. झटका तोच, पण कायद्याच्या नजरेत वस्तू वेगळी!

अंगाला टेकवायची स्टन गन ऐंशीच्या दशकात बाजारात आली. १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका पोलीस ठाण्यात, किरकोळ गांजा विकल्याच्या आरोपाखाली पकडलेल्या काळ्या तरुणाला कबुलीसाठी तिचे झटके देण्यात आले. त्याच्या अंगावरचे भाजल्याचे डाग देशाने छायाचित्रांत पाहिले. पोलीस खात्यात उलथापालथ झाली, काही पोलिसांवर गुन्हा शाबीत झाला. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने बंदी आणली. नंतर मात्र त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पोलिसांना सूट मिळाली. म्हणजे ज्यांच्या हातात हे यंत्र सर्वांत बदनाम झाले, ते मोकळे. आणि बंदीत सापडली ती मार खाणारी बाई.

इतिहास शिकताना आपण १८७८चा शस्त्र कायदा वाचतो. लॉर्ड लिटनने हिंदी माणसाला तलवारीसाठीही परवाना लावला, युरोपीय लोकांना त्यातून वगळले. शस्त्राचा कोणताही कायदा हाती आला की मी आधी ‘यांना लागू नाही’ हे कलम शोधतो. बाकीची कलमे काय करायचे नाही ते सांगतात. सरकार कोणाला घाबरते, ते हे कलम सांगते.

२०१५मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या बाईची शिक्षा कायम ठेवली. कारण असे, की शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ची, आणि स्टन गन तेव्हा वापरात नव्हती. योगायोग पाहा, बेडकाच्या पायात विजेने उसळी येते, हे गॅल्व्हानीने इटलीत छापून प्रसिद्ध केले तेही १७९१मध्येच! न्यायमूर्तींना बहुधा हा बेडूक आठवला नसावा. केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१६ रोजी, ‘कॅटानो विरुद्ध मॅसॅच्युसेट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, हा निकाल छोट्याशा आदेशाने रद्द केला. हक्क फक्त जुन्या शस्त्रांपुरता नाही, हे आपण २००८मध्येच सांगितले आहे, अशी आठवण करून दिली. न्यायमूर्ती अलिटो यांनी वेगळे मत लिहून त्या बाईची सारी हकीकत नोंदवली. माझी माहिती त्यातलीच.

ब्रिटनने उलटी वाट धरली. तिथल्या १९६८च्या कायद्यात घातक द्रव, वायू ‘किंवा अन्य वस्तू’ सोडणाऱ्या शस्त्रांवर बंदी होती. १९८८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने वीजही ‘अन्य वस्तू’ ठरवली. आपल्याकडे सुताराची पटाशीही हत्यार आणि तलवारही हत्यार. या शब्दाची व्याख्या करायला बसणाऱ्याची अडचण मला कळते.

मी सरसकट विक्रीच्या बाजूचा नाही. जे यंत्र बाईला वाचवते, तेच तिच्या नवऱ्याच्या खिशातही मावते, आणि क्वीन्समध्ये काय झाले ते वर सांगितलेच. एप्रिल २०१८मध्ये राज्याच्या न्यायालयाने सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. जुलैत नवा कायदा आला : स्टन गन बाळगता येईल, पण बंदुकीसारखाच परवाना हवा. वय, गुन्ह्यांची नोंद, सगळे तपासून मिळणारा. बंदीपेक्षा हे बरे, असे मला वाटते. फक्त त्या परवान्याची फी शंभर डॉलर. मनाई हुकूम खिशात घेऊन बेघर फिरणाऱ्या बाईने ते भरायचे, आणि अर्ज द्यायचा तो गावच्या पोलीस प्रमुखाकडे.