तेरावा इंच

टेबलावर 5 इंच उंचीचा पुठ्ठ्याचा बुरूज आहे. त्याच्या गच्चीवर, अगदी कडेला, शत्रूचा शिपाई उभा आहे. बुरुजाच्या पायथ्यापासून 12 इंचांवर तुमचा पिस्तुलवाला आहे आणि पिस्तुलाचा पल्लाही नेमका 12 इंच. टेप टेबलावर आडवा धरला तर शिपाई टप्प्यात येतो. तोच टेप तिरका करून गच्चीला टेकवला की 13 इंच भरतात आणि शिपाई वाचतो. छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळात दोन मित्रांमध्ये अबोला धरायला हा एक इंच पुरतो.

भुज, कोटी, कर्ण हे शब्द शाळेत पाठ केलेल्यांना यात नवीन काही नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त 9 हात उंच खांबावर मोर बसलेला आहे आणि 27 हातांवरून साप खांबाच्या मुळाशी असलेल्या बिळाकडे निघाला आहे. मोर झेपावतो तो कर्णावरून. प्रश्न असा, की खेळाने मोराची वाट धरायची की सापाची?

युद्धखेळाने आधी धरली ती सापाची, म्हणजे सपाट वाट. 1780 च्या सुमारास जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला हेलविग यांनी बुद्धिबळ वाढवून 1,617 घरांचा पट केला. त्यात डोंगर म्हणजे वेगळ्या रंगाचं घर, बस्स. रंगाला उंची नसते, त्यामुळे भांडणही नव्हतं. पुढे प्रशियात फॉन राइसविट्झ यांनी वाळूवर मांडलेला खेळ राजपुत्रांना आवडला. राजापुढे वाळूचा पसारा कसा न्यायचा, म्हणून 1812 मध्ये त्यांनी खणांचं देखणं टेबल बनवून घेतलं आणि त्यावर प्लास्टरच्या, खरोखर उंचसखल असलेल्या फरश्या जुळवायची सोय केली. डोंगर पहिल्यांदा हाताला लागला तो इथे.

गंमत अशी, की तो घालवला त्यांच्याच मुलाने. तोफखान्यात अधिकारी असलेल्या धाकट्या राइसविट्झने 1824 मध्ये खेळ नकाशावर आणला, 1:8000 प्रमाणाच्या. एक डाव म्हणजे दोन मिनिटं, निकालाला फासे, वर एक पंच. प्लास्टरचा चढ आता कागदावरच्या बारीक रेघांत गेला. सॅक्सनीच्या लेमान या अधिकाऱ्याने 1799 मध्ये ही रेघांची पद्धत मांडली होती: चढ जितका खडा, तितक्या रेघा जाड आणि काळ्या. नकाशावर कंपासाने अंतर घेतलं की ते आडवंच मिळतं. मग चढाची किंमत अंतरात न मोजता वेळेत मोजायची, घोडदळाला दम लागतो असं धरून. शिपायाच्या दृष्टीनेही हे पटण्यासारखं आहे. सिंहगडावर पायी गेलेला माणूस अंतर सांगत नाही, तास सांगतो.

सैन्याच्या हातातून हा खेळ दिवाणखान्यात आला तेव्हा नकाशा मागे राहिला आणि डोंगर परत आला. एच. जी. वेल्स यांचं ‘लिटल वॉर्स’ 1913 चं. खेळण्यातले शिपाई घरच्या फरशीवर, मुलुख ठोकळ्यांचा आणि ज्ञानकोशाच्या जाडजूड खंडांचा. मोजायला प्रत्येक खेळाडूकडे दोन दोऱ्या, एक 2 फुटांची, दुसरी 6 इंचांची. घोडेस्वार एका चालीत 2 फूट जाणार, पायदळ 1 फूट. माझ्या मते या कुळकथेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती दोरी आहे. कंपास हवेतून उडी मारतो, दोरी जमिनीला बिलगते. ग्रंथावरून ओढलीत तर ती ग्रंथाची जाडीही मोजते, तुम्ही सांगा न सांगा. नेमबाजीचा प्रश्न मात्र वेल्सना पडलाच नाही, कारण त्यांची खेळण्यातली तोफ स्प्रिंगने लाकडी गोळा खरोखर उडवायची. शिपाई पडला तर पडला.

गोळ्याची जागा फाशांनी घेतली आणि पल्ला मोजायची वेळ आली. तरीही बरीच वर्षं निभावलं, कारण टेकड्या बुटक्या होत्या. उतरत्या कडेवर धातूचे पुतळे घसरून पडतात, म्हणून हौशी मंडळी टेकडी पायऱ्यांची करत. अर्ध्या इंचाच्या पायरीने कर्ण कितीसा वाढणार?

अडचण आली ती मजल्यांनी. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने 1995 मध्ये ‘नेक्रोमुंडा’ काढला. भूगर्भातलं बकाल औद्योगिक शहर, आणि खोक्यातच पुठ्ठ्याचे मजले, त्यांना धरणारे प्लास्टिकचे खांब. आता टोळ्या एकमेकींच्या डोक्यावर उभ्या. शिडी चढली की तितके इंच चालीतून वजा. कठड्याशी उभ्या असलेल्याला गोळी लागली तर खाली कोसळायची भीती. उंची हा आता खेळाचा मुख्य मामला झाला होता.

अमेरिकेत 1980 च्या दशकात आलेल्या ‘बॅटलटेक’ने मात्र धाकट्या राइसविट्झची गादी चालवली. षटकोनी घर 30 मीटरचं, उंचीची एक पायरी 6 मीटरची. वर चढायला चालीचे जादा गुण मोजा, पण पल्ला घरंच मोजून. शेजारच्या घरात दहा पायऱ्यांचा, म्हणजे 60 मीटरचा कडा असला तरी त्यावरचा शत्रू एका घराच्याच अंतरावर.

गेम्स वर्कशॉपच्याच ‘वॉरहॅमर 40,000’ने पल्ला तिरका ठेवला, म्हणजे मोराचा. पण हातघाईला नवीच पंचाईत होती. अरुंद गच्चीवर शत्रूच्या पुतळ्यांनी जागा अडवली, तर हल्लेखोराने चढून उभं राहायचं कुठे? चढायला पुरेशी चाल आहे, तळवा टेकायला जागा नाही. बिलंदर खेळाडू मुद्दाम अशी गच्ची भरून बसत. 2020 च्या नवव्या आवृत्तीने तोड काढली: आडवं 1 इंच आणि उभं 5 इंच, एवढ्यात जो असेल तो भिडलेला समजायचा. शिपायाभोवतीचा चेंडू गेला, त्या जागी उभा डबा आला. त्यामुळे एकाच पुस्तकात आता दोन भूमित्या नांदतात. बारा इंचांवरच्या पिस्तुलाला तो गच्चीवरचा शिपाई अजूनही एका इंचाने हुकतो. मात्र त्याच बुरुजाला खेटून खाली उभा असलेला तलवारवाला, जागचा न हलता, आपल्याहून तीन-चार पुरुष उंचावरच्या त्याच शिपायावर वार करू शकतो.