बहात्तर डॉलर आणि आठ डॉलर

अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात गमावलेल्या सैनिकाला 1864 च्या कायद्याने महिना 25 डॉलर मिळू लागले. 1866 मध्ये सतत दुसऱ्याच्या आधाराची गरज असलेला जायबंदीही त्यात आला आणि 1880 मध्ये ही रक्कम 72 डॉलरवर गेली. भरवणं, आंघोळ घालणं, कपडे चढवणं हे कष्टाचं काम आहे, एवढं सरकारला कळलं होतं. पण अनेकदा ते निस्तरणारी बायको हिशेबात नव्हतीच. नवरा गेला की साध्या शिपायाच्या विधवेच्या हाती तेव्हा आठ डॉलर पडत. माजी सैनिकांची ही पेन्शन म्हणजे मतांसाठीची खिरापत, असा आक्षेप घेतला जाई, आणि युद्धाशी संबंध नसलेल्या अपंगत्वालाही पेन्शन देणाऱ्या 1890 च्या सैल कायद्याबाबत तो पटतोही. मात्र हा वाढीव दर मोजक्याच पंगूंपुरता होता. खुद्द विधवेला असा मदतनीस भत्ता मिळायला विसावं शतक निम्म्याहून अधिक सरावं लागलं.