चारकोपची आगोट

कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या कांठाशीं, चारकोप हें जुनें गांवठाण आहे. आज तें नांव उच्चारलें कीं सेक्टरांचे आंकडे आणि गृहनिर्माण संस्थांच्या पाट्या डोळ्यांपुढें येतात. परंतु ज्या किनारपट्टीचा तें एक भाग आहे, तिचा घरसंसार कित्येक शतकें एका शब्दाभोंवतीं फिरत आला. तो शब्द म्हणजे आगोट.

आपत्तीसाठीं घर सज्ज ठेवणें ही कल्पना सरकारी पत्रकांतून नव्यानें आली, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति निराळी आहे. मृग लागण्यापूर्वीं कोंकणच्या किनाऱ्यावरील प्रत्येक घर चार महिन्यांची बेगमी करीत असे. कणगींत भात, मडक्यांत मीठ, फडताळांत सुके बोंबील आणि सुकट, माळ्यावर लांकूडफांटा व गोंवऱ्या, अशी ती व्यवस्था होती. कौलें शाकारून घेत, कुडाला झांप बांधीत, होड्या ओढून वर घेत. पावसांत वाटा बंद होत. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रहि बंद असे. या तयारींत भीतीचा लवलेश नव्हता. सणावाराप्रमाणें तीहि पंचांगाचाच एक भाग होती, आणि म्हणूनच ती कधीं चुकत नसे.

शहरानें ही संवय हळूहळू मोडली. १८६० सालीं विहारचें व १८९२ सालीं तानसाचें पाणी नळानें मुंबईस आलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं, डांसांना आश्रय मिळतो म्हणून, शहरांतील कित्येक विहिरी झांकण्यांत किंवा बुजविण्यांत आल्या. हिंवतापाच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. परंतु दाराशीं असलेला पाण्याचा राखीव सांठा त्याबरोबर गेला. वीज आली, आगगाडी उपनगरांत पोंचली, कोपऱ्यावर वाण्याचें दुकान झालें. कणगी, विहीर आणि चूल यांचें काम घराबाहेरील यंत्रणांनीं पत्करलें. घर सुखी झालें खरें, पण आंतून रिकामें झालें.

चारकोपच्या इतिहासांत याच सुमारास एक नवा अध्याय सुरू झाला. जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९८५ सालीं मुंबई नागरी विकास प्रकल्प हातीं घेण्यांत आला, आणि येथील सखल, दलदलीच्या जमिनीवर ‘म्हाडा’नें लहान लहान भूखंड आंखले. रस्ते, पाणी आणि मलनिःसारण यांची सोय संस्थेनें करावयाची व घर मात्र मालकानें ऐपतीप्रमाणें बांधावयाचें, अशी ही योजना होती. सुमारें पस्तीस कुटुंबांची एक सहकारी संस्था आणि त्यांची घरें एका सामाईक अंगणाभोंवतीं, ही तिची मांडणी. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वतःचें छप्पर मिळावें, एवढाच तिचा हेतु होता. पण पस्तीस घरें एकमेकांस नांवानें ओळखतात, ही गोष्ट संकटाच्या वेळीं केवढी मोलाची ठरते, हें लवकरच संपूर्ण उपनगरास कळावयाचें होतें.

२६ जुलै २००५ रोजीं दुपारीं पावसानें जोर धरला. सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच अवधींत कुलाब्यास तो अवघा ७३ मिलिमीटरांच्या आसपास होता. मुंबईचीं जुनीं पर्जन्यगटारें ताशीं सुमारें २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबानें बांधलेलीं, आणि तीहि समुद्रास ओहोटी असतांना. त्या दुपारीं मोठी भरती होती. गटारांचीं व नद्यांचीं मुखें भरतीच्या पाण्यानें रोंखलीं गेलीं. मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या नद्या पात्रें सोडून वाहूं लागल्या. आगगाड्या थांबल्या, उपनगरांतील वीज बंद करावी लागली, टेलिफोन मुके झाले.

त्या दिवशीं मुंबईंत शेंकडों माणसें मृत्यु पावलीं. कांहीं दरडीखालीं सांपडलीं, कांहीं वाहून गेलीं. कांहीं पाण्यांत अडकलेल्या बंद मोटारींत गुदमरलीं. लाखों लोक घराच्या ओढीनें कमरेइतक्या पाण्यांतून अंधारांत चालत राहिले. घरच्यांचा निरोप नाहीं, आणि कोठें थांबावें याचा आधीं ठरलेला विचारहि नाहीं, मग दुसरें काय करणार? पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसनें आणखी बळी घेतले. याउलट, जेथें वरच्या मजल्याच्या बिऱ्हाडानें खालच्यांना रात्रभर आसरा दिला, अनोळखी वाटसरूंस पोहे व चहा दिला, तेथें कोणतीहि सरकारी यंत्रणा पोंचण्यापूर्वींच माणसें वांचलीं होतीं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत देशांत आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा झाला. महानगरपालिकेचा नियंत्रण कक्ष आज १९१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असतो. पण कायदा आणि कक्ष घराच्या उंबरठ्यापर्यंतच येऊं शकतात. उंबरठ्याच्या आंतील काम गृहस्थाचें व गृहिणीचें आहे.

तें काम फार खर्चाचेंहि नाहीं. पंपाची वीज गेली कीं गच्चीवरील टांकी एका दिवसांत रिती होते. म्हणून माणशीं रोज चार लिटर या मानानें तीन दिवसांचें पिण्याचें पाणी झांकून ठेवावें. न शिजवतां खातां येईल असें अन्न, नेहमींचीं औषधें, विजेरी आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ एका पिशवींत असावा. कागदपत्रें पाणी न शिरेल अशा आवरणांत उंचावर ठेवावींत. पाणी घरांत शिरण्यापूर्वीं विजेची मुख्य कळ बंद करावी आणि गॅसची तोटी फिरवावी, हें घरांतील लहानथोरांस ठाऊक असावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, निरोप पोंचला नाहीं तर ज्यानें त्यानें आहे त्या सुरक्षित जागींच थांबावें आणि शाळेंतील मुलांनीं शाळेंतच रहावें, हें पाऊस सुरू होण्यापूर्वींच ठरलेलें असावें. शेजारीं एकटें वृद्ध माणूस असेल, तर त्याच्याकडे कोणी जावयाचें हेंहि ठरवावें.

हें सारें मे महिन्याच्या अखेरीस, लोणच्याच्या बरण्या भरतांना, एकदां तपासून घेतलें म्हणजे झालें. खाडीकांठच्या जुन्या घरांना चार महिन्यांची आगोट भरावी लागे. आजच्या घरास तीन दिवसांची पुरते.