‘म्हणे’चा मागोवा

“आजी, मी रात्री झोपेत बडबडले म्हणे!”

“बडबडलीस की! पाढे म्हणत होतीस.”

भिलाईच्या टाऊनशिपमधल्या मराठी घरात सकाळच्या चहाला असं बोलणं सहज कानावर पडावं. १९५६ पर्यंत भिलाईशेजारच्या दुर्गकरांचीही राजधानी नागपूरच होती. १९५५ मध्ये पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि पुढे भिलाईत देशभरातली कुटुंबं स्थिरावली. घराबाहेर हिंदी नि छत्तीसगढी, घरात ‘म्हणे’ आणि ‘की’.

नातीचं ‘म्हणे’ सांगतं, हे मला आत्ताच दुसऱ्याकडून कळलं आणि माझं मलाच नवल वाटतंय. आजीचं ‘की’ सांगतं, तुला नवल वाटलं तरी घडलंय तसंच. शाळेच्या व्याकरणात आश्चर्य ‘अबब’, ‘अगबाई’ अशा केवलप्रयोगी अव्ययांच्या वाट्याला येतं, आणि ती वाक्याबाहेर उभी असतात. ‘म्हणे’ वाक्यातच मिसळून जातं.

त्याचं मूळ संस्कृत ‘भण्’ धातूत. प्राकृतात ‘भणइ’, मराठीत ‘म्हणे’, म्हणजे ‘म्हणतो’. ‘तुका म्हणे’ला कर्ता आहे. बोलीत कर्ता गळाला आणि उरलं नुसतं ‘म्हणे’: कुणीतरी सांगितलेलं, आपण न पाहिलेलं.

ही गरज मात्र शब्दाहून जुनी. बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी पाणिनीने ‘लिट्’ची रूपं सांगितली. मग प्रश्न आला, स्वतःचंच कृत्य न पाहिलेलं कसं असेल? वैयाकरणांनी उदाहरण दिलं झोपेत किंवा नशेत बडबडलेल्या माणसाचं. म्हणजे आपल्या नातीचंच! बोलीभाषांत ‘लिट्’ उरला नाही. त्याचं हे काम मराठीत ‘म्हणे’ करतं.

तुर्कीत तेच ‘मिश’ हा प्रत्यय करतो: ‘उयुमुशुम’, म्हणजे ‘अरे, मला झोप लागली होती की!’ अल्बेनियन क्रियापदाच्या अशा रूपांना ओगुस्त दोझों या फ्रेंच अभ्यासकाने १८७९ मध्ये ‘नवलदर्शक’ अशा अर्थाचं नाव दिलं. जगभरच्या अशा खुणांचा एकत्र विचार स्कॉट डिलान्सी यांनी १९९७ मध्ये ‘मिरॅटिव्हिटी’ या नावाने मांडला.

नातीला झोपेतल्या बडबडीची हीच बातमी शाळेत हिंदीत सांगायची तर ‘पता चला कि’ असं अख्खं वाक्य आधी जोडावं लागतं. म्हणून परप्रांतातल्या मराठी घरांना एकच विनंती: मुलांना पाढे शिकवालच, हे दोन अक्षरी ‘म्हणे’ही त्यांच्या तोंडी राहू द्या.