टपालाने येणारी दुरुस्ती

लिहिणे शिकवता येते काय, हा प्रश्न मराठीत दर दहा-पंधरा वर्षांनी नव्याने विचारला जातो, आणि दर वेळी तो आजच उद्भवला असावा अशा थाटात विचारला जातो. २०२० च्या टाळेबंदीत आंतरजालावरील लेखन-कार्यशाळांची जी रेलचेल झाली, तिच्या निमित्ताने तो पुन्हा एकदा निघाला. त्याचे उत्तर देण्याच्या भरीस आम्ही पडणार नाही. आमचे कुतूहल जरा निराळे आहे. शिकवणारा एका गावी आणि शिकणारा दुसऱ्या गावी, असे असताना लेखनाची दुरुस्ती आजवर कशी होत आली, आणि त्या दुरुस्तीत नेमके काय दुरुस्त झाले?

आरंभ कोयनानगरपासून करू. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील हे गाव लोकांना ठाऊक आहे ते धरणामुळे, वीज प्रकल्पामुळे आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपामुळे. साहित्याच्या इतिहासात त्याचे नाव शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. मात्र ह्याच तालुक्यातील चाफळ हे कवी यशवंतांचे, म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर ह्यांचे, जन्मगाव. १८९९ साली जन्मलेला हा मुलगा कवी झाला तो चाफळ सोडून. शिक्षणासाठी तो सांगलीस गेला, तेथे साधुदासांच्या (गोपाळ गोविंद मुजुमदार) मार्गदर्शनाखाली त्याने कवितेचे पहिले धडे गिरवले, आणि पुढे पुण्यास आल्यावर १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचा तो एक प्रमुख कवी झाला. आधी गुरू, मग मंडळ, आणि दोहोंसाठी गाव सोडणे, हा त्या काळचा रिवाजच होता. कविता खोऱ्यात सुचली तरी ती तपासून घेण्यासाठी खोऱ्याबाहेर जावे लागे.

रविकिरण मंडळाकडे आपण एक काव्यसंप्रदाय म्हणून पाहतो. आमच्या मते ती मराठीतील पहिली नाव घेण्याजोगी लेखन-कार्यशाळाही होती, फक्त तो शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. रविवारी जमायचे, चहा घ्यायचा, आपली कविता मोठ्याने वाचायची आणि इतरांचे ऐकून घ्यायचे. माधव जूलियन, गिरीश, यशवंत, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे आदी मंडळी ह्या बैठकीतली. 'किरण' हा त्यांचा संयुक्त संग्रह १९२३ चाच. अशा बैठकीचा धोकाही त्यांच्यात दिसून आला. एकमेकांना ऐकवत लिहिणारे लोक हळूहळू एकमेकांसारखे लिहू लागतात. आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले' (१९२५) ह्या विडंबनसंग्रहाला ज्या लकबी आयत्या सापडल्या, त्यांपैकी कित्येक ह्या बैठकीतच मुरलेल्या होत्या. (आजच्या कार्यशाळांतून निघणाऱ्या लघुकथा ओळीने वाचताना आम्हांस अत्र्यांची आठवण होते, ती उगाच नव्हे.)

जे पुण्यास जाऊ शकत नव्हते त्यांचे काय? त्यांच्यासाठी टपाल होते. आणि येथे थोडे उर्दूकडे वळावे लागते, कारण टपालाने कविता दुरुस्त करण्याची रीत तेथे आपल्याआधी रुळलेली होती. तीस 'इस्लाह' म्हणतात. शागिर्दाने गझल धाडायची, उस्तादाने शब्द बदलून, ओळ खोडून ती परत पाठवायची. मिर्झा गालिब (१७९७–१८६९) १८५७ नंतरच्या उजाड दिल्लीत बसून हरगोपाल तफ्तासारख्या शिष्यांशी असा व्यवहार करीत होते. त्यांची पत्रे आज उर्दू गद्याचा ठेवा मानली जातात. दूरस्थ कार्यशाळेचे वय मोजायचे झाल्यास ते संगणकाच्या वयापेक्षा कितीतरी जास्त भरेल.

मराठीत गझलेचे बीज माधव जूलियन ह्यांनी रुजवले. 'गज्जलांजलि' १९३३ ची. फारसीचे जाणकार आणि 'छंदोरचना' लिहिणारे छंदःशास्त्रज्ञ असल्यामुळे त्यांनी गझलेकडे वृत्ताच्या अंगाने पाहिले. तिचे नियम नवशिक्याच्या हाती सोप्या भाषेत देण्याचे काम मात्र सुरेश भटांनी (१९३२–२००३) केले. 'गझलेची बाराखडी' हे त्यांचे लेखन म्हणजे मतला, काफिया, रदीफ, अलामत ह्यांची सरळ, व्यवहारी ओळख. तिच्या नावातच वर्ग आहे, पाटी आहे. नवोदितांना पत्राने मार्गदर्शन करण्याचा भटांचा परिपाठ सर्वश्रुत आहे. २००० नंतरच्या दशकात 'मायबोली' ह्या संकेतस्थळावर गझलेची कार्यशाळा भरली तेव्हा ती ह्याच पाटीवर भरली. देशोदेशी विखुरलेली मराठी माणसे एकाच वृत्तात शेर रचीत होती आणि जाणकार ते तपासत होते.

दूरच्या दुरुस्तीला पहिल्यांदा गझलच मानवली, ह्याचे कारण उघड आहे. गझलेतली चूक दाखवता येते. अमुक अक्षर लघू हवे होते, ते गुरू पडले. काफियाच्या आधीचा स्वर दुसऱ्या शेरात बदलला. ह्या गोष्टी नागपुराहून दाखवा की न्यू जर्सीहून, त्यांत फरक पडत नाही. शिकणाऱ्यालाही त्या पटतात, कारण नियम दोघांच्याही बाहेर उभा असतो. उस्तादाची लहर आणि उस्तादाचे शास्त्र ह्यांतील भेद शिष्याला करता येतो, ही सोय थोडीथोडकी नव्हे.

कथेचे तसे नाही. कथेची टपालाने दुरुस्ती करणारे मराठीतील थोर नाव म्हणजे श्री. पु. भागवत. 'सत्यकथे'च्या संपादकांनी लेखकांना लिहिलेली पत्रे, त्यांत सुचवलेले बदल, कथा पुन:पुन्हा लिहून घेणे, ह्यांविषयी अनेक लेखकांनी कृतज्ञतेने लिहिले आहे. ती कृतज्ञता खरी आहे. पण १९६९ मध्ये काही तरुण लेखकांनी 'सत्यकथे'ची होळी केली, तीही तितकीच खरी आहे. त्यांत पुढे असलेले राजा ढाले हे सांगली जिल्ह्यातील नांद्रे गावचे. त्या होळीकडे लघुनियतकालिकांच्या चळवळीतील एक प्रसंग म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. आम्हांस तीत आणखीही काही दिसते. कथेत काफिया नसतो. तेथे 'हे चुकले' असे म्हणणारा नियम पुष्कळदा दुरुस्त करणाऱ्याच्या कानात असतो, आणि तो कान एका विशिष्ट पेठेत, विशिष्ट घरात घडलेला असतो. हे अमान्य करणाऱ्यांनी अंक जाळला. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडले. दुरुस्तीचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तेवढ्याने मिटला नाही.

पडद्यावरच्या कार्यशाळेने ह्या जुन्या व्यवहारात दोन बदल केले असे आम्हांस वाटते. एक, माणूस गावात राहून लिहू लागला. जी वाट यशवंतांना चाफळहून सांगलीस आणि सांगलीहून पुण्यास घेऊन गेली, ती आता मोबाइलची रेंज असेल तर घरातल्या घरात संपते. कोयनेच्या पावसात रेंज असेलच असे नाही, हा भाग निराळा. दुसरा बदल अधिक खोल आहे. टपालाची दुरुस्ती खाजगी होती. तफ्ताची खोडलेली ओळ गालिबांना ठाऊक आणि तफ्ताला. आता दुरुस्ती वीस जणांदेखत होते. ह्याचा फायदा मोठा आहे, कारण दुसऱ्याच्या चुकीतून आपली दिसते आणि शिकवणाराही चुकताना दिसतो. तोटा असा की विसांपैकी कोणालाच न खटकणारे लिहावे, ही वृत्ती बळावते. शिवाय सगळ्यांचे माइक बंद असताना कविता वाचणाऱ्याला दादही ऐकू येत नाही आणि शांतताही. रविवारच्या त्या चहाच्या बैठकीत कोणी नुसता पेला खाली ठेवला तरी कवीला पुष्कळ कळत असेल.

आता आमच्याच हातून घडलेले सांगतो. अशाच एका कार्यशाळेत आम्ही कथा तपासण्याचे काम पत्करले होते. कोयना खोऱ्यातील एका मुलीची कथा आली. धरणाच्या वेळी उठलेल्या गावातील आजीची कथा, आजीच्याच तोंडून सांगितलेली. पहिले वाक्य होते, 'औंदा झड लांबली.' कथेचा शेवट घाईचा होता, मधला भाग सैल होता. ते आम्ही दाखवले, आणि ते दाखवणे योग्यच होते. पण जाता जाता 'औंदा'च्या जागी 'यंदा' सुचवले. कारण विचारले असते तर सांगता आले नसते. बहुधा वीस जणांपैकी कोणी अडू नये, एवढेच मनात असावे. कोणी अडले नाही. दुसऱ्या मसुद्यात मुलीने तो शब्द तर बदललाच, शिवाय आजीचे 'कवा', 'तवा', 'हितं' हेही आपण होऊन प्रमाणभाषेत आणले. आम्ही सांगितले होते एक, तिने ओळखला होता आमचा कान.

कथा आता नीट बांधलेली होती. वाचणाऱ्यांनी तसे लिहिलेही. आजी मात्र सातवी-आठवीच्या पाठ्यपुस्तकातल्यासारखी बोलत होती. आपली चूक आमच्या ध्यानात यायला आठवडा गेला. मग आम्ही त्या मुलीला वेगळे पत्र लिहून सगळे शब्द पूर्ववत करावेत असे विनवले. दोन दिवसांनी तिचे उत्तर आले. आभार मानले होते, आणि पुढे लिहिले होते की तिने पहिले वाक्य परत वाचून पाहिले, पण आता तिला 'यंदा'च बरे वाटते.